भजनी मंडळाच्या हुड्या

"एका हुडीला साधारण किती पडतील?" एवढंच मी विचारलं होतं.

दीपेशने संगणकावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि डॉक्टर रिपोर्ट बघून बोलतात तसा बोलला, "डिपेंड करतं, काका."

माझी सगळी नोकरी अलिबागला एका सरकारी कचेरीत, खरेदी शाखेत झाली. कपाटं, खुर्च्या, टेबलांच्या काचा, टाचण्या, एकदा तर माकडं हाकलायच्या गलोली; मी काय काय म्हणून खरेदी केलं नाही! पण यातली कुठलीच वस्तू कधी 'डिपेंड' करत नव्हती. कपाटाची किंमत कपाटाला असायची. ते कोण उघडणार, कुठल्या हाताने उघडणार आणि उघडणाऱ्याचं पोट केवढं, असं विचारून कुणी भाव सांगत नसे. हुडीचं तसं नसतं. हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झालं, आणि ते नसतं झालं तरी चाललं असतं.

झालं असं की माझी बायको हेमलता चौलच्या शारदा महिला भजनी मंडळाची अध्यक्ष आहे. मंडळाला हरिद्वारच्या एका आश्रमात जानेवारीतल्या भजनाचं आमंत्रण आलं. ते आलं ते आलं, पण त्याच आठवड्यात कुणीतरी मोबाइलवर घाटावरच्या कुठल्याशा मंडळाचा व्हिडिओ दाखवला. त्या बायका बर्फात उभ्या राहून टाळ वाजवत होत्या आणि सगळ्यांच्या अंगात मंडळाचं नाव छापलेल्या एकसारख्या हुड्या होत्या. झालं. आमच्या चौलला थंडी म्हणजे पंखा चारावरून दोनावर आणणं. कानटोपीसुद्धा आम्ही मुंबईचे पाहुणे आले की त्यांना दाखवायला काढतो. पण ठराव झाला. 'घरतभावोजींचा जन्म खरेदीत गेला, त्यांनाच सांगू,' असंही ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीच्या ताटाशेजारी मला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र मिळालं. 'प्रति, श्री. चांगदेव घरत. महोदय,' अशी सुरुवात होती. अक्षर माझ्या बायकोचं होतं. ती समोरच उभी होती.

"तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणता ना, कागदाशिवाय कशाला हात लावत नाही म्हणून."

मी रीतसर तीन कोटेशनं मागवायला घेतली. पेणच्या माणसाने फोन कधीच उचलला नाही. मुंबईच्या माणसाने भाव सोडून सगळं पाठवलं. आजही तो मला रोज सकाळी फुलांचं चित्र आणि सुविचार पाठवतो. उरला कपड्यांवर छपाई करणारा अलिबागचा दीपेश. त्यामुळे सगळ्यात कमी भाव त्याचाच ठरला. अर्थात त्याने भाव अजून सांगितलाच नव्हता.

"काका, पयले सांगा पीस किती?"

"बावीस."

"बावीसला महाग पडणार. शंभर असते तर रेट एकदम खाली आला असता. बघा ना, छपाईचा साचा एकाला पण तोच आणि शंभरला पण तोच. मेहनत सेम."

हे मी घरी येऊन कुंपणापलीकडच्या धर्माजीला सांगितलं. ही माझी पहिली चूक. धर्माजी ठाकूर माझा बालमित्र आणि शेजारी. खाडीकडची जमीन विकून त्याने दोन जेसीबी घेतले, आणि तेव्हापासून जगातला कुठलाही प्रश्न उकरून सुटतो असं त्याचं मत आहे.

"मग दोनशे घे ना," तो म्हणाला.

"बायका बावीस आहेत."

"उरलेल्या नागावला बीचवर विकायच्या."

"धर्माजी, नागावला लोक समुद्रात डुंबायला येतात. हुडी कोण घेईल?"

"भिजल्यावर थंडी वाजते का न्हाय?"

मी कुंपणापासून सरळ घरात गेलो.

पुढची पायरी कापडाची. दीपेशने दोन नमुने दिले, एक पातळ आणि एक जाड. जाड्याचा भाव बराच वर. दोन्ही घेऊन मी देवळाच्या सभामंडपात मंडळापुढे उभा राहिलो. बायकांनी पातळ कापड पसंत केलं, कारण स्वस्त. फक्त येसूबाईंनी ते बोटांत चोळून पाहिलं. येसूबाई मंडळात सगळ्यांत वडील. आयुष्यात पनवेलच्या पुढे गेलेल्या नाहीत. मोबाइल वापरत नाहीत. पण चाळीस वर्षं मृदंगाच्या जोडीने टाळ धरून आहेत आणि तो कधी चुकलेला नाही.

"चांगदेवा, ह्यो कपडा पातल हाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यानं थंडी जायची न्हाय."

"अहो येसूबाई, उगीच पैसे कशाला घालवायचे?" बायकांनी कलकलाट केला.

मला काय झालं कोण जाणे. आयुष्यभर सगळ्यांत कमी भावाच्या कोटेशनवर सही करणारा मी म्हणालो, "जाडच घ्यायचं. हरिद्वारला गंगेवरचा वारा असतो." मी हरिद्वार पाहिलेलं नाही. वाराही नाही. पण एकदा बोललो म्हणून बोललो. भाव पहिल्यांदा चढला तो माझ्यामुळे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

मग आलं बोधचिन्ह. यावर दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत वीणा, टाळ आणि मृदंग मंजूर झाले. दुसरीत तुळस, नारळाचं झाड, समुद्र आणि उगवता सूर्य.

"चौलला सूर्य समुद्रात मावळतो," मी नम्रपणे सांगितलं. "उगवतो तो मागच्या डोंगराकडून."

"मावळता सूर्य पाठीवर घेऊन गंगेला जायचं?" मनुबाईंनी विचारलं. मनुबाई मंडळाच्या मृदंगवादक. त्यांची थाप देवळाबाहेरच्या नारळांना ऐकू जाते. त्यांच्यापुढे भूगोल टिकला नाही. अरबी समुद्रातून सूर्य उगवला आणि त्याचा केशरी रंग धरून एकूण रंग झाले सात.

दीपेशने चित्र पाहून शीळ घातली. "काका, हर एक कलरचा चार्ज वेगळा. आणि कपडा मरून कलरचा आहे ना, तर खाली व्हाईट मारायला लागेल."

"पांढरा रंग चित्रात नाही."

"दिसणार नाय तो. बाकीच्या कलरच्या खाली बेस."

"म्हणजे जो रंग दिसणार नाही त्याचे पैसे?"

"काका, घराचा पाया दिसतो काय?"

मी घरी आलो. शनिवार होता, अलिबागपासून नागावपर्यंत मुंबईच्या गाड्यांची रांग, आणि मी त्या रांगेत स्कूटरवर, डिकीत एक जाड कापड आणि डोक्यात न दिसणारा पांढरा रंग. त्या महिन्यात मी हा रस्ता इतक्या वेळा केला की आक्षीच्या नाक्यावरचा शहाळेवाला मला "आज पण कपडा?" असं विचारायला लागला.

नवा भाव ऐकून पाच बायकांनी नावं काढून घेतली. बायका कमी झाल्या म्हणून दीपेशने प्रत्येकीचा भाव वाढवला. भाव वाढला म्हणून आणखी तिघी गळल्या. त्या गळल्या म्हणून भाव आणखी वाढला. हे असंच चाललं असतं तर शेवटी एकच हुडी उरली असती, ती अध्यक्षांच्या नावावर निघाली असती आणि तिच्यासाठी मला माझी स्कूटर विकावी लागली असती.

या टप्प्यावर धर्माजी पुन्हा कुंपणाशी आला. "अरे, मी स्पॉन्सर करतो अर्धा खर्च. फकस्त माझी एक लाईन टाकायची खाली. क्रिकेटच्या मॅचला आमी टीशर्टवर टाकतो तशी."

"भजनी मंडळ आहे, धर्माजी."

"बारीक टाक. पन नंबर मोठा हं. नंबर वाचता नाय आला तं लाईनीचा उपेग काय?"

मंडळाने बराच वेळ नाकं मुरडली आणि अर्धा खर्च वाचतो म्हटल्यावर सरळ केली. गळलेल्या बायका परत आल्या. सगळ्यांत वर मंडळाचं नाव, मध्ये बोधचिन्ह आणि खाली धर्माजीची ओळ, असं ठरलं. मला वाटलं, संपलं. खरेदीत 'संपलं' हा शब्द माल गोदामात येईपर्यंत उच्चारू नये, हे मी स्वतः ज्युनिअर लोकांना शिकवत असे.

आता मापं. मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, 'प्रत्येकीने आपले माप कळवावे.' अर्ध्या तासात उत्तरं आली. सगळ्यांनी 'मीडियम' लिहिलं. मनुबाईंनीसुद्धा. पुरुषमाणसाने यावर काय करावं? टेप घेऊन जाणं शक्य नव्हतं, शंका विचारणं त्याहून अशक्य. मी दीपेशकडून तीन नमुन्याच्या हुड्या आणल्या, लहान, मध्यम आणि मोठी, त्या सभामंडपात ठेवल्या आणि स्वतः बाहेर तुळशीवृंदावनाकडे तोंड करून बसलो.

आतून आधी हसणं ऐकू आलं. मग मनुबाईंचा आवाज, पण तो रांजणातून यावा तसा.

"काय झालं?" मी तुळशीला विचारलं.

"मनुबाई अडकल्या!" हेमलता ओरडली. "मीडियम घातली. डोकं अंबाड्यापाशी अडलंय!"

हुडी डोक्यावरून घालायची होती. आमच्या मंडळातल्या प्रत्येकीच्या डोक्यावर अंबाडा, अंबाड्यात आकडे, आकड्यांत गजरा. शेवटी पुजाऱ्याच्या घरून कात्री आली. मनुबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचं कुंकू कानापर्यंत गेलं होतं आणि दीपेशचा नमुना गळ्यापासून पोटापर्यंत उघडा झाला होता. त्याची किंमत मी भरली. मंडळाने त्यासाठी ठराव केला नाही.

त्यातून दोन निर्णय निघाले. एक, हुडीला समोर चेन हवी. चेनचे पैसे वेगळे. शिवाय चेनमुळे छातीवरचं बोधचिन्ह मधोमध फाटणार, मृदंग एका बाजूला आणि वाजवायची जागा दुसऱ्या बाजूला, म्हणून सगळी छपाई पाठीवर. दुसरं, मोठ्या मापाच्या हुडीला दीपेश जास्त पैसे लावणार. ते कुणी द्यायचे? बारीक बायका म्हणाल्या, ज्याचं त्याने द्यावं. मनुबाई नुसत्या उठून गेल्या. मी सरासरी काढून सगळ्यांना एकच भाव लावला, आणि माझ्या मते तो न्याय होता. पण सरासरीचा गुण असा की तिच्यावर कुणीच खूश नसतं. बारीक बायकांना वाटलं आपण जास्त भरले, आणि मनुबाईंना वाटलं आपल्या पोटाची गावभर सरासरी निघाली. दोन दिवसांनी चौल नाक्यावर वाण्याने मला सहज विचारलं, "घरतभाऊ, हुड्यांत काही सुटतंय का हो?"

मी नोकरीत असताना ठेकेदाराचा चहासुद्धा घेतला नाही. घेतला असता तर निदान चहाची चव कळली असती.

या सगळ्यात दिवस गेले. दीपेश म्हणाला, "काका, आता अर्जंटचा चार्ज लागणार." मी म्हणालो लाव. त्याने मोबाइलवर पाठीचं चित्र पाठवलं. त्यात मंडळाचं नाव होतं, सात रंग होते, धर्माजीचा नंबर होता. मी एकेक अक्षर चष्मा पुसून वाचलं. 'शारदा' बरोबर. 'महिला'मधली वेलांटी बरोबर. 'चौल'वर दोन मात्रा. मी अंगठा पाठवला.

हुड्या आल्या त्या मंडळ निघायच्या आदल्या दुपारी. छपाई सुंदर होती. एकही चूक नव्हती. हेमलताने पहिली हुडी अंगात घातली, चेन लावली आणि बायकांकडे पाठ केली.

बायका माना वाकड्या करून वाचू लागल्या.

हुडीची टोपी ही वस्तू डोक्यावर घेतली नाही तर पाठीवर पडते. हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल. दीपेशला तर असायलाच हवं होतं. पण मोबाइलवरच्या चित्रात टोपी नव्हतीच. आमच्या हुडीची टोपी जाड कापडाची, मोठी. तिच्याखाली मंडळाचं नाव गेलं, वीणा गेली, सूर्य गेला, समुद्र गेला. अंबाड्यामुळे टोपी कुणाच्याच डोक्यावर चढत नव्हती. आणि तिच्या खाली, शारदा महिला भजनी मंडळाच्या अध्यक्षांच्या पाठीवर, स्वच्छ पिवळ्या अक्षरांत एवढंच उरलं होतं: 'जेसीबी व पोकलेन भाड्याने मिळेल', आणि त्याखाली धर्माजीचा नंबर. मोठा.

मी तिथूनच दीपेशला फोन केला.

"काका, तुमीच थम्सअप दिला ना," तो म्हणाला.

"अर्धा खर्च देऊन धर्माजीने बावीस पाठी घेतल्या," मनुबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही. मृदंगावर बोट ठेवावं तशा.

घरी आल्यावर हेमलताने पिशवी भरता भरता, माझ्याकडे न बघता विचारलं, "खरं सांगा. धर्माजीभावोजींकडून तुम्ही काही घेतलंत का?"

बाहेरच्यांनी विचारलेलं मी कपाटाच्या किमतीइतकंही मनाला लावून घेतलं नसतं. पण हिने विचारलं. मी म्हणालो, "घेतलं असतं तर मला हुडी फुकट मिळाली असती." विनोद करायचा होता. तो झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळ टेम्पोतून पनवेलला गेलं, तिथून गाडीने हरिद्वारला. नवीन घ्यायला ना वेळ होता ना पैसे. बावीस जणी तीच हुडी घालून गेल्या. हेमलताने जाताना मला गॅस बंद करायची आठवण केली. माझ्याशी नाही, गॅसशी बोलल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी धर्माजीच्या ओट्यावर बसलो होतो. माझं त्याच्यावरचं रागावणं चालूच होतं, पण घरात एकट्याने रागावण्यात अर्थ नसतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर लावला.

"हां बोलो. मशीन मांगता क्या?"

"भाईसाहब, आपकी एक माताजी हमारे यहाँ बैठी हैं।"

"बैठी है? बंद पडी क्या? मेरी मशीन तो उधर कोई नहीं।"

"मशीन नहीं, माताजी!"

"माताजी कन्स्ट्रक्शन? वो पेणवाला है, अपना नहीं."

"अरे भाई, बुज़ुर्ग हैं। रास्ता भटक गई हैं। हमें इनकी बोली समझ नहीं आती। पीठ पर आपका नंबर लिखा है!"

धर्माजी माझ्याकडे वळला. "पाठीवर म्हंजे मशीनच्या बकेटवर का?"

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. माझी हिंदी सरकारी आहे. त्या दिवशी ती कशी आली ते सांगता येणार नाही. माणूस हरिद्वारचा होता, घाटाजवळ त्याचं पेढ्यांचं दुकान. आरती संपली, गर्दी उठली आणि ही म्हातारी एकटीच दुकानाच्या पायरीशी उभी राहिलेली त्याला दिसली. नाव विचारलं तर तिने चौल सांगितलं. आश्रमाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने तिला हलकेच फिरवून पाठ वाचली. मला तेव्हा जाणवलं, की मंडळाचं नाव दिसलं असतं तरी त्याला त्याचा काय उपयोग होता?

"उन्हें फोन दीजिए," मी म्हणालो. परक्या मुलखात, पौषाच्या थंडीत, हातात फोन नाही, भाषा नाही, आणि वय ऐंशीला टेकलेलं.

"कोन? चांगदेव?" येसूबाईंचा आवाज आला, देवळातून यावा तसा निवांत. "बरा झाला तू गावलास. ह्या बायका कुठं गेल्या रे?"

"येसूबाई, तुम्ही घाबरलात का?"

"मी कशाला घाबरू? मी इथंच हाय. दिवे पान्यात सोडत होते, ते बघत र्‍हायले. वर बघते तं सगल्या गायब. हा पोरगा बरा हाय. चाय दिली, पेढा दिला. फकस्त काय बोलतो ता समजत न्हाय."

"थंडी आहे ना तिथे? कुडकुडताय का?"

"थंडी भायेर हाय," येसूबाई म्हणाल्या. "आत न्हाय. कपडा चांगला निवडलास, चांगदेवा."

मी त्यांना तिथेच बसून राहायला सांगितलं आणि दुकानदाराकडून पत्ता लिहून घेतला. धर्माजी बाजूने विचारत होता, "हरिद्वारला काम निघतंय का?"

मग हेमलताला फोन लावला. तो सारखा व्यस्त लागत होता. नंतर कळलं, ती एकाच वेळी आश्रमाला, चौकीला आणि देवाला फोन लावत होती. घाटाच्या पायऱ्या ती धावत चार वेळा चढली-उतरली होती आणि मनुबाई तिच्या मागे धापा टाकत येसूबाईंना हाका मारत होत्या. ती हाकही हरिद्वारच्या गर्दीत बुडाली, यावरून गर्दीची कल्पना यावी. शेवटी फोन लागला. दुकान कुठे आहे ते मी सांगितलं. तिने 'बरं' एवढंही न म्हणता ठेवला.

अर्ध्या तासाने तिचा फोन आला. मागे टाळ वाजत होते आणि मनुबाई मोठ्याने रडत होत्या.

"सापडल्या," हेमलता म्हणाली. "पेढे खात बसल्या होत्या." मग तिने विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

निघाल्यापासून तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"आता धर्माजीकडे जेवतो."

"जेवा. आणि धर्माजीभावोजींना सांगा..." ती अडखळली.

"काय सांगू?"

"नंबर मोठा छापला ते बरं झालं म्हणावं."

मी 'सांगतो' म्हणालो आणि फोन ठेवला. धर्माजी समोर ताट घेऊन बसला होता, वहिनी काय म्हणाल्या म्हणून विचारत होता. मी म्हटलं, येसूबाई सापडल्या. बाकीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी त्याने हुडीची पुढची बाजूही मागितली असती, आणि मंडळाने ती दिली असती.